काकांचा बिननावाचा दगड

येनातल्या त्या घराच्या तळमजल्यावर राहणारे काका मला शेवटपर्यंत कळले नाहीत, हे आधीच कबूल करून टाकते. साडेतीन वर्षं मी त्यांच्या माळ्यावरच्या खोलीत राहिले. त्यांच्या हातचं पिठलं खाल्लं, त्यांची पत्रं टाइप करून दिली, त्यांच्याशी कडाकडा भांडले. तरी आज कुणी विचारलं की माणूस कसा आहे, तर मी आधी ‘चांगला’ म्हणेन आणि मग माझाच गोंधळ उडेल.

पहिली भेटच बघा. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. पीएचडीसाठी मी नुकतीच आले होते, आणि येनात सेमिस्टरच्या तोंडावर खोली मिळणं म्हणजे उपवर मुलीला स्थळ मिळण्यापेक्षा अवघड. त्यात घरमालक चक्क मराठी, कराडचे, म्हटल्यावर मला देवच पावला. फोनवर म्हणाले, “तीन वाजता या. बरोब्बर तीन.” मी कोल्हापूरची. आमच्याकडे तीन म्हणजे साडेतीन ते पाच. पण जर्मनीत आलोय तर शहाण्यासारखं वागायचं असं ठरवून मी तीनला पाच कमी असताना बेल दाबली. खिडकीचा पडदा हलला. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा डोकावला, मनगटावरच्या घड्याळावर टकटक केलं, दोन बोटं वर केली आणि पडदा ओढून घेतला. दोन मिनिटं म्हणत असतील असं समजून मी कंपाउंडच्या भिंतीवर बसले. दार उघडलं ते पाच वाजता.

“दोन तास लवकर आलात,” काका हसून म्हणाले. “हरकत नाही. उशिरापेक्षा बरं.”

ते घर, म्हणजे घराचा तळमजला, ‘वेल्टत्साइट’वर चालायचा. वेल्टत्साइट म्हणजे जगाची वेळ. आकाशाची निरीक्षणं करणारे लोक सगळ्या नोंदी त्या एकाच वेळेत करतात, म्हणजे जपानच्या माणसाचं आणि चिलीच्या माणसाचं गणित जुळतं. पण ते लोक नोंदी करतात आणि मग जेवायला घरच्या घड्याळाप्रमाणे जातात. काका त्या वेळेत जेवायचे, झोपायचे, दाढी करायचे, डेंटिस्टची अपॉइंटमेंट चुकवायचे. हिवाळ्यात ते आमच्यापेक्षा एक तास मागे असत आणि उन्हाळ्यात दोन. तळघरातल्या वॉशिंग मशिनसाठी भिंतीला तक्ता लावलेला होता. माझे कपडे मशिनमध्ये फिरत असताना काका बादली घेऊन यायचे आणि, “आल्झो, चला, दहा वाजले, माझी पाळी,” म्हणायचे. मी मोबाइल दाखवायचे. ते मोबाइलकडे बघून ‘बिचारा’ अशा अर्थाने मान हलवायचे.

कराडला त्यांच्या वडलांचं चष्म्यांचं दुकान होतं. भिंगं घासायला शिकावीत म्हणून काका विशी-बाविशीत इथल्या दुर्बिणींच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून आले. तेव्हा हा देश वेगळा होता आणि बर्लिनची भिंत उभी होती. भिंत पडली, देश गेला, कारखान्याची निम्मी माणसं गेली, काका राहिले. त्यांची मराठीही त्या वेळची राहिली. एखादी गोष्ट आवडली की ‘फर्स्टक्लास’ म्हणायचे, पटली की ‘गेनाऊ’, आणि चिडले की ‘च्यामारी’.

माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. त्यांच्यासाठी मी ‘टे-बे’. नवीन लघुग्रह दिसला की त्याला लगेच नाव देत नाहीत, आधी कच्चं नाव देतात. महिन्याच्या कुठल्या पंधरवड्यात दिसला त्याचं एक अक्षर, आणि त्या पंधरवड्यात कितवा दिसला त्याचं दुसरं. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याचं अक्षर टी, जर्मनमध्ये ‘टे’. दुसरी आले म्हणून ‘बे’. मग पहिलं कोण आलं होतं? मी विचारलं.

“टे-आ म्हणजे वॉशिंग मशिन दुरुस्त करायला आलेला,” काका म्हणाले.

“आणि माझं खरं नाव कधी घेणार?”

“एकदा दिसला तर ठिपका. दोनदा दिसला तर रेघ. तिसऱ्यांदा दिसला तर कक्षा. कक्षा पक्की झाल्यावर बघू.”

हे त्यांचं ब्रीदवाक्य. ते लघुग्रहांना लागू होतं तसंच शेजाऱ्यांना, टोमॅटोच्या भावाला आणि हृदयाच्या डॉक्टरलाही लागू होतं. डॉक्टरने सांगितलेली गोळी काकांनी तिसऱ्या खेपेला सांगितल्यावर घ्यायला सुरुवात केली. मी साडेतीन वर्षं रोज दिसत होते, तरी माझी कक्षा काही पक्की झाली नाही.

आणि काकांचा स्वतःचा लघुग्रह होता. हे मला कळलं ते एका संध्याकाळी त्यांनी बागेत पिठलं-भाकरीला बोलावलं तेव्हा. (सहाला बोलावलं होतं, मी आठला गेले, तोवर शिकले होते.) सूर्य नुकताच मावळला होता. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. समोरच्या टेकडीच्या वर बोट दाखवून म्हणाले, “आला बघा. तो तिथे.”

मला काहीच दिसेना.

“तुम्हाला कसा दिसेल? मलाही नाही दिसत. साध्या डोळ्यांनी कुणालाच दिसत नाही. पण आहे.”

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात, लाखो दगडांच्या गर्दीत, काकांचा दगड सूर्याभोवती फिरतो. एका फेरीला चार वर्षं आणि वर काही महिने लागतात. पृथ्वी आपली भराभर फिरत असते, त्यामुळे दर सव्वा वर्षाने ती त्याला गाठते. त्या दिवशी आपण सूर्य आणि तो दगड यांच्या बरोब्बर मधे असतो, म्हणून इकडे सूर्य बुडतो आणि तिकडे तो उगवतो. काका त्याला ‘पाहुणा आला’ म्हणायचे आणि पाहुण्यासाठी पिठलं करायचे. रिकाम्या आकाशाकडे तोंड करून आम्ही दोघं जेवलो. मला वाटलं, मी एका खुळ्या माणसाच्या घरात राहते आहे. मग सहज वर पाहिलं, तर मधल्या मजल्याच्या बाल्कनीत वरच्या फ्राऊ शाल गुंडाळून उभ्या होत्या आणि त्याही बरोब्बर त्याच टेकडीकडे बघत होत्या.

वरच्या फ्राऊ म्हणजे काका आणि मी यांच्या मधल्या मजल्यावर राहणाऱ्या जर्मन बाई. सत्तरीच्या, उंच, काटक, पांढरे केस बारीक कापलेले. त्याही त्याच कारखान्यातून निवृत्त झालेल्या. भिंग घासण्याआधी काचेत बुडबुडा किंवा रेघ नाही ना हे तपासायचं त्यांचं काम होतं. काका त्यांचा उल्लेख ‘वरच्या फ्राऊ’ असाच करायचे, म्हणून मीही तसंच म्हणू लागले. त्या माझ्यासारख्याच भाडेकरू असणार, हे मी धरूनच चालले होते. कधी कधी त्या जिन्यात वाकून खाली ‘आहो!’ अशी हाक मारत, काका वर न बघता ‘या?’, म्हणजे जर्मनमधलं ‘हो?’, म्हणत, आणि एखादं पार्सल किंवा कचऱ्याच्या डब्याची किल्ली जिन्याच्या कठड्यावरून इकडून तिकडे जाई. मला वाटायचं, असेल इकडची, थुरिंगिया प्रांतातली पद्धत. माणूस स्वतःच्या गोंधळात असला की कानावर पडलेलं मराठीसुद्धा त्याला मराठी वाटत नाही.

काकांच्या दगडाला नाव नव्हतं. पक्का क्रमांक होता, नाव नव्हतं. आणि हीच खरी पंचाईत होती, कारण नियम असा आहे की पक्का क्रमांक मिळाल्यापासून दहा वर्षं नाव सुचवायचा हक्क शोधणाऱ्याचा. दहा वर्षं उलटली की तो हक्क गेला, मग नाव कुणीही सुचवावं. त्यातली नऊ वर्षं आणि काही महिने काकांनी नुसते बसून घालवले होते. मुदत संपायला तीन महिने उरले, तेव्हा एका स्थानिक पेपरात दोन ओळी आल्या आणि आमच्या मराठी मंडळाला त्याचा पत्ता लागला.

मंडळाचे चौघेजण रविवारी गाडी घेऊन आले. सगळे इंजिनियर. त्यांनी येण्याआधीच ग्रुपवर पोल घेतला होता. एकाने ‘सह्याद्री’ आणलं होतं, एकाने ‘पुणे’, एकाने कुठल्या तरी नेत्याचं नाव.

“राजकारणी माणूस मरून शंभर वर्षं व्हायला लागतात,” काका म्हणाले. “नियम आहे. फर्स्टक्लास नियम.”

“मग काका, देवाचं देऊ. सगळ्यांना चालेल.”

“देव कशाला दगडात घालता? आधीच आहेत की तिथे.”

चौथ्याने हळूच आपल्या सासऱ्यांचं नाव पुढे केलं. फार मोठे समाजसेवक होते म्हणे. काकांनी बोटांवर अक्षरं मोजली आणि नाव सोळा अक्षरांच्या मर्यादेत बसत नाही म्हणून सांगितलं. खरं तर बसत होतं, मी मोजलं होतं. जाताना मंडळाचे अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुम्ही समजवा त्यांना. म्हाताऱ्या माणसाचं काय धरायचं, हातचं जायचं सगळं.” मी मान डोलावली. मलाही तसंच वाटत होतं. उद्या कुणी परका त्या दगडाला आपल्या मनासारखं नाव देईल आणि काका दर सव्वा वर्षाने पिठलं करून त्या परक्या नावाची वाट बघतील, या कल्पनेने मला त्रास व्हायला लागला होता. मी विचारलं की काका विषय बदलायचे. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाले, “टे-बे, नाव द्यायला आधी माणूस लायक लागतो.” 

मग ते पत्र आलं. घराच्या कराचं, ग्रुंडस्टॉयरचं. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं. वर लिहिलं होतं ‘एहेलॉयटे’, म्हणजे श्री व सौ, आणि खाली दोन नावं. एक काकांचं, एक वरच्या फ्राऊंचं. मी ते घेऊन तशीच काकांच्या दारात गेले.

“काका, वरच्या फ्राऊ तुमच्या बायको आहेत?”

“कागदावर.”

“आणि कागदाबाहेर?”

“वरच्या मजल्यावर.”

“किती वर्षं?”

“तीस. पस्तीस. मोजलं नाही.”

“मग घटस्फोट का नाही घेतला?”

“कोर्टाने साडेनऊची वेळ दिली होती. ती साडेनऊला गेली, मी साडेनऊला गेलो. भेट झाली नाही.” आणि पत्र घेऊन आत गेले. हे खरं होतं की थट्टा, देव जाणे.

आता मला सगळं उलगडलं असं वाटलं, आणि शहाण्या माणसाने अशाच वेळी गप्प बसायचं असतं. मला वाटलं, दोघांचं कधीतरी काही बिनसलं, आता म्हातारपणी कुणी आधी बोलायचं एवढाच प्रश्न आहे. दगडाला बायकोचं नाव दिलं की झालं! मी एका बैठकीत अर्ज लिहून काढला. अर्जात नावाबरोबर त्या नावामागची माहिती द्यायची असते, चारेक ओळींची, आणि ती दगडाच्या नोंदीत कायम छापली जाते. मी लिहिलं, ‘शोधकर्त्याच्या पत्नीच्या सन्मानार्थ, जिने त्याला आयुष्यभर साथ दिली.’ आयुष्यभर साथ! पस्तीस वर्षं दोघं एका जिन्याच्या दोन टोकांना होती. आणि वर जाऊन नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का हे तपासायला तो कागद मी फ्राऊंच्याच हातात दिला.

त्यांनी प्लमचा केक कापायला घेतला होता. सुरी ठेवून चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

“दगडाला माझं नाव?” त्या म्हणाल्या. आम्ही अर्थातच जर्मनमध्ये बोलत होतो. “हे त्याने दहा वर्षांपूर्वी विचारलं होतं. जिन्यात चिठ्ठी ठेवली होती. त्याला जे उत्तर दिलं तेच तुला देते. मी दगड नाही. तो दगड मला सापडला.”

मी म्हटलं, “म्हणजे?”

त्यांनी मला केक दिला आणि सांगितलं. कारखान्याच्या हौशी लोकांची टेकडीवर एक छोटी वेधशाळा होती. काका दुर्बिणीवर बसून काचेच्या पट्ट्यांवर आकाशाचे फोटो घ्यायचे, एकाच जागेचे दोन, तासाभराच्या अंतराने. दुसऱ्या दिवशी त्या दोन काचा एका यंत्रात लावायच्या. ते यंत्र एकदा ही काच दाखवतं, एकदा ती. तारे जागचे हलत नाहीत. मधे एखादा दगड असेल तर तो टुणकन उडी मारतो. हजारो ठिपक्यांत एका ठिपक्याची उडी शोधायची. काका तासन्‌तास बघायचे आणि त्यांना काही दिसायचं नाही. एका दुपारी त्या जेवणाचा डबा द्यायला गेल्या, सहज डोळा लावला, आणि म्हणाल्या, “हा उडतोय.”

“तो काय म्हणाला माहीत आहे? धूळ आहे म्हणाला. मी काचेतले बुडबुडे शोधून पगार घेत होते आणि मला म्हणाला, धूळ आहे. मी पुसून दाखवलं. तरी उडत होता. मग त्याने मोजमापं घेऊन कळवलं. आपल्या एकट्याच्या नावाने. त्यातही एक तास चुकवला, कारण आदल्याच दिवशी घड्याळं बदलली होती. तो तास चुकलाय हेही मीच सांगितलं, पण तोपर्यंत दगड हरवला होता. कितीतरी वर्षांनी मोठ्या दुर्बिणींना तो पुन्हा दिसला, तेव्हा मागचं गणित जुळलं. शोध कळवला तेव्हाच कारखान्याच्या पेपरात फोटो आला होता. त्याचा, दुर्बिणीसोबत. घर माझ्या आईवडलांचं, म्हणून मी वर आले आणि तो खाली राहिला.”

“तुम्हाला राग येतो अजून?”

“राग नाही,” फ्राऊ म्हणाल्या. “चूक दुरुस्त करून हवी आहे. एवढंच.”

मी जिना उतरले ती तणतणतच. काका कांदा चिरत होते. मी म्हटलं, “काका, तुम्ही खोटारडे आहात.” साडेतीन वर्षांत एवढं तोंड मी पहिल्यांदाच टाकलं. काकांनी कांदा चिरायचा थांबवला नाही.

“गेनाऊ,” ते म्हणाले.

“का केलंत असं?”

“खोटं बोलायचं म्हणून नाही केलं, टे-बे. मला वाटलं, घरातलंच आहे. तिचं काय आणि माझं काय. आपल्याकडे लाइटबिल कुणाच्या नावावर येतं? रेशनकार्ड कुणाच्या? तसं ते फॉर्मवर माझं नाव घातलं. तिने विचारलं, माझं कुठे आहे? मला प्रश्नच कळला नाही. कळायला दहा-बारा वर्षं गेली. मग पत्रं लिहिली सगळीकडे, की शोध तिचा आहे. उत्तर आलं, ज्याने कळवलं त्याचा शोध. नोंद बदलत नाही. नाव मात्र हवं ते द्या.” डोळे पुसले, कांद्याचे की कसले ते कळलं नाही. “मी कसलं नाव देणार? नाव द्यायचा हक्क शोधणाऱ्याचा. तो तिचा.”

म्हणजे मुदत संपू द्यायची हाच त्यांचा विचार होता. चोरीचा हक्क वापरायचा नाही, एवढंच त्यांनी स्वतःपुरतं ठरवलं होतं आणि त्यात त्यांना मोठा न्याय केल्यासारखं वाटत होतं. फ्राऊंना त्यातून काय मिळणार, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मला त्यांची कीवही आली आणि धरून गदागदा हलवावंसंही वाटलं.

“काका, नाव सोडा. त्या चार ओळी? त्या छापतात ना? कायमच्या?”

“त्यात नाव कुणाचं ते लिहायचं असतं.”

“नाव कुणाचंही द्या, पण त्या ओळींत खरं काय घडलं ते सांगता येईल की नाही? दगड कुणी पाहिला ते?”

काकांनी सुरी खाली ठेवली. त्यांच्या तोंडावर जो भाव आला तो मी विसरणार नाही. तीस वर्षं खिशात असलेली किल्ली सापडल्यावर माणसाचा चेहरा तसा होत असेल.

रविवारी दुपारी आम्ही वर गेलो. काका पुढे, मी लॅपटॉप घेऊन मागे. अठरा पायऱ्या. सतराव्या पायरीवर काका थांबले आणि म्हणाले, “तुम्ही वाजवा बेल.” मी वाजवली. फ्राऊंनी दार उघडलं, दोघांकडे पाहिलं आणि आत गेल्या. दार उघडंच ठेवलं होतं.

काकांनी उभ्यानेच सांगितलं. पाठ करून आल्यासारखं, जर्मनमध्ये. नाव तू ठरव. जे म्हणशील ते पाठवतो. खाली लिहू की दगड तू पाहिलास आणि मी धूळ म्हणालो.

फ्राऊंनी खुर्चीकडे बोट दाखवलं, काका बसले. मग फ्राऊ म्हणाल्या, “तुझ्या आईचं नाव दे.”

काकांची आई एकदाच येनाला आली होती, तीन महिने. सोबत आंबेमोहोर तांदळाची पिशवी. एकमेकींची भाषा येत नव्हती, म्हणून सासू-सुना रोज दुपारी याच टेबलाशी बसून परातीत तांदूळ पसरून खडे निवडायच्या. “पांढऱ्यात पांढरा खडा,” फ्राऊ म्हणाल्या. “मला तिच्याआधी दिसायचा. ती टाळ्या वाजवायची. शेजारच्या बायकांना बोलावून दाखवायची, माझ्या डोळ्यांकडे बोट करून. माझी नजर तिला माहीत होती.”

हे ऐकल्यावर काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, झालं, आता हृदयाच्या डॉक्टरला बोलवावं लागणार. पण ते उठले, खाली गेले, आणि एक निळं एरोग्राम, परदेशी टपालाचं घडीचं पत्र, घेऊन आले. घड्यांवर फाटलेलं.

“वाचा,” मला म्हणाले. “आधी मराठीत वाचा. मग तिला जर्मनमध्ये सांगा. एक शब्द गाळू नका.”

अक्षर मोठं, गोल, शाईचे डाग पडलेलं. मी वाचलं. ‘चिरंजीवास अनेक आशीर्वाद. पेपरातला तुझा फोटो मिळाला. आळीत सगळ्यांना दाखवला, पेढे वाटले. आता एक विचारते, राग मानू नको. तो खडा सूनबाईनं बघितला ना? तुला तर भातातला खडा दाताखाली आल्याशिवाय कधी कळला नाही. तिचं नाव पेपरात का नाही? तिला हे पत्र वाचून दाखव.’

पत्राला जितकी वर्षं झाली होती तितकं माझं वय नव्हतं. काकांनी ते कधीच वाचून दाखवलं नव्हतं. मी वाक्यावाक्याने भाषांतर करून सांगितलं.  शेवटी फ्राऊ म्हणाल्या, “पेपरात नाव का नाही, ते वाक्य पुन्हा.” मी पुन्हा सांगितलं. “शेवटचंही.” तेही सांगितलं. काका दाराला टेकून उभे होते, मान खाली घालून, शाळेत पट्टी खायला उभं राहिल्यासारखे.

मग आम्ही चार ओळी लिहिल्या. नाव काकांच्या आईचं. ते मी इथे सांगत नाही, तुम्ही लगेच मोबाइलवर शोधाल आणि काका चिडतील. खाली काकांनी सांगितलं तसं मी लिहिलं: कराडच्या या बाई तांदळातले खडे निवडत. हा लघुग्रह काचांवर प्रथम ओळखला तो शोधकर्त्याच्या पत्नीने. पुढे फ्राऊंचं पूर्ण नाव. शोधकर्त्याला ती धूळ वाटली होती.

मी कागद छापून आणला. फ्राऊंनी पेन्सिल घेतली, ‘शोधकर्त्याच्या पत्नीने’ हे शब्द सरळ रेघ मारून खोडले आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: ‘यांच्या सुनेने’.

काकांनी ते वाचलं. सही केली. आम्ही बाहेर आलो, दार मागे बंद झालं. खालच्या पायऱ्यांवर काका मधेच थांबले. कागद माझ्यापुढे धरला.

“टे-बे, सून म्हणजे मुलाची बायकोच ना?”

“हो.”

“मग बायको खोडून सून का लिहिलं असेल? सून आहे पण बायको नाही, हे कसं जमतं?”

मी पीएचडी करत होते, पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. तिने त्यांना माफ केलं की कायमचं खोडून टाकलं, हे मला कागदाकडे बघून कळेना, त्यांच्याकडे बघून तर मुळीच कळेना. मी म्हटलं, “काका, मला नका विचारू. वर जाऊन त्यांना विचारा.”

 काका खरंच वळले आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढत गेले. या वेळी बेल त्यांनी स्वतः वाजवली. दार उघडल्याचा आवाज आला, मग लागल्याचा.

माझ्या खोलीकडे जायचा जिना फ्राऊंच्या दारावरून जात होता आणि मला तिथून जायचं धाडस होईना. म्हणून मी काकांच्याच स्वयंपाकघरात बसले. आधी ई-मेल पाठवून टाकला. मग कांदा चिरून पिठलं केलं, दोन ताटं वाढली, वाट बघितली, आणि शेवटी एकटीच जेवले. काका त्या दिवशी खाली आले नाहीत.